ओटीपी बाबांच्या फोनवर

ताई,
मी बार्शीची. मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत. हॉस्टेलही मिळालं. पंधरा दिवसांनी जायचंय. गेला महिनाभर मी तिच्या तयारीत बुडालेय. कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट, दोन चादरी, मच्छरदाणी, बादली, मग, दोन कुलपं, औषधांचा डबा, सगळ्याची यादी करून दारामागं चिकटवलीय. कुकर लावायला शिकवते, इस्त्री शिकवते म्हटलं की 'आई, पुरे' म्हणते आणि खोलीत जाऊन दार लावून घेते. एकुलती आहे. मे महिन्यात १८ पूर्ण झाली. आजवर तिला काही कमी पडू दिलं नाही. पैशांची तर काळजीच नाही, तिच्या खात्याला ह्यांचाच नंबर आहे, आधारलाही तोच, ओटीपी ह्यांच्याच फोनवर येतो. दुकानात बसल्या बसल्या ह्यांना सगळं कळतं. पण मन तुटतं हो. जाताना तरी लेकीनं नीट बोलावं की नाही? अजून कशाची तयारी करून घेऊ, सांगा.
— एक आई, बार्शी

प्रिय आई,

तुमच्या यादीत मला एकही वस्तू वाढवायची नाही. शेंगाचटणीचा डबा उघडला की पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चार खोल्यांतल्या मुली तिच्या मैत्रिणी होतील. कुकरचं मात्र सोडून द्या. हॉस्टेलला मेस आहे, आणि लागला कधी तर ती तुम्हाला फोन करून दहा मिनिटांत शिकेल.

मला बोलायचंय ते तुमच्या एका ओळीबद्दल. 'काळजीच नाही' म्हणून तुम्ही जी भरकन लिहून पुढे गेलात, ती ओटीपीची ओळ. मी तिथेच थांबले, आणि खरं सांगते, मला राग आला.

जरा डोळ्यांसमोर आणा. पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेत. तुमची लेक मेडिकलच्या दुकानात उभी आहे. ताप आहे, किंवा पाळी आलीय आणि सोबत आणलेलं संपलंय. हातात रोख नाही. दुकानदार काउंटरवरच्या क्यूआर कोडकडे बोट करतो. तिच्या फोनवर यूपीआय चालत नाही, कारण खात्याला जो नंबर जोडलाय त्याचंच सिम फोनमध्ये असावं लागतं, आणि ते सिम बार्शीत बाबांच्या खिशात आहे. ती बाजूला होते, बाबांना फोन लावते. बाबा गिऱ्हाईकात. तिसऱ्यांदा लावल्यावर उचलतात आणि सवयीनं विचारतात, 'कशाला पाहिजेत?' मागं चार मुलं ताटकळलीत. तिनं सगळ्यांसमोर काय सांगायचं?

तुम्ही म्हणाल, बाबा रागावणारे नाहीत. नसतीलच. त्या मुलीला मात्र प्रत्येक वडापावचं, प्रत्येक रिक्षाचं, मैत्रिणीच्या वाढदिवसाला काढलेल्या वर्गणीचं उत्तर मनात तयार ठेवूनच जगावं लागेल.

तुम्ही बार्शीच्या आहात, घरात कुणाची ना कुणाची शेती असेलच. सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव लागतं तेव्हा त्याच्यापुढे 'अ.पा.क.' असा शेरा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान, म्हणजे १८ च्या आतलं आहे, म्हणून त्याच्या वतीनं अमुक पालक व्यवहार बघणार, एवढाच त्याचा अर्थ. पण मूल १८ वर्षांचं झालं म्हणून तो शेरा आपोआप पुसला जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, तेव्हा फेरफार होऊन शेरा निघतो. अर्ज कुणी केलाच नाही तर नातवंडं खेळवणाऱ्या माणसाच्या नावापुढेही तो तसाच राहतो. असे उतारे मी स्वतः पाहिलेत.

मे महिन्यात तुमच्या घरी केक कापला असेल, फोटो निघाले असतील. शेरा कुणी काढला नाही.

बँकेलाही हे कळतं. अज्ञान मुलाच्या खात्याचा धनी १८ पूर्ण झाला की बँक नव्यानं त्याची सही मागते, कागदपत्रं मागते, इथून पुढे खातं कोण चालवणार हे लिहून घेते. म्हणजे बँक विचारायला तयार आहे. तुम्ही दोघांनी विचारलेलं नाही.

आता आधारचं. पुढची चार वर्षं तिला आधारच्या ओटीपीची गरज किती वेळा पडेल याचा अंदाज तुम्हाला नाही असं दिसतं. फोनवर कागदपत्रं ठेवायचं सरकारी डिजिलॉकर उघडायचं, तर ओटीपी. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज पुढे चालू करायचा, तिथेही ओटीपी. आणि असल्या कामांना शेवटची तारीख असते. रात्री अकराला हॉस्टेलच्या वायफायवर अर्ज भरत बसलेली मुलगी आणि जेवून झोपलेले बाबा, यांच्यामध्ये त्या ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. चुकला अर्ज की तुम्हीच म्हणाल, 'एवढंसं काम, तेही वेळेवर जमत नाही हिला.'

माझ्याकडे पत्रं येतात त्यातले बहुतेक वडील इथे एकच मुद्दा काढतात, फसवणुकीचा. मुलगी भोळी आहे, कुणी लुबाडलं म्हणजे? भीती खरी आहे. पण आपण घरात काय शिकवलंय ते बघा. बँका वर्षानुवर्षं कंठशोष करून सांगतायत, ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका. आणि तुमच्या घरात ओटीपी म्हणजे फोनवरच सांगायची गोष्ट आहे! एक माणूस वाचतो, दुसरा ऐकून भरतो. मेसेजमध्ये रक्कम किती लिहिलीय, पैसे कुणाला चाललेत, हे त्या मुलीनं आजवर स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही वाचलेलं नाही. उद्या कुणी गोड आवाजात 'मॅडम, कोड आलाय तो सांगा' म्हणाला तर तिला त्यात वावगं काय वाटणार? तो मेसेज तिच्याच फोनवर येऊ द्या, तिलाच वाचू द्या. बँकेच्या अॅपमध्ये दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालता येते, ती किती असावी हे तिला ठरवू द्या. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे यादीत औषधांच्या डब्याच्या खाली लिहा. मीच म्हटलं होतं काही वाढवायचं नाही. एवढं वाढवा.

मी १९८१ मध्ये विट्याहून पुण्याला शिकायला आले. वडील प्राथमिक शिक्षक. महिन्याला १२० रुपयांची मनीऑर्डर यायची. पोस्टमन हॉस्टेलच्या फाटकाशी नाव पुकारायचा, मी चपला न घालता पळायचे. फॉर्मवर सही करायची, तो नोटा मोजून हातावर ठेवायचा आणि फॉर्मचा खालचा तुकडा फाडून द्यायचा. त्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ असायची, 'सर्व खुशाल. तब्येत सांभाळ.' माझी सही असलेली पोच तेवढी विट्याला परत जायची. पैसे पोहोचले, सही आपल्या मुलीचीच आहे, यापलीकडे माझ्या वडिलांना काही कळत नव्हतं.

दुसऱ्याच महिन्यात मी लक्ष्मी रोडवर एक स्वेटर घेतला. निळा, गळ्याला पांढरी पट्टी. महिना संपायला आठ दिवस होते आणि माझ्याकडे साबण घ्यायलाही पैसे उरले नाहीत. खोलीतल्या मुलीकडून सात रुपये उसने घेतले आणि मनीऑर्डर आली त्या संध्याकाळी फेडले. त्या रात्री एका जुन्या वहीत मी पहिल्यांदा हिशेब लिहिला. आजही लिहिते. वडिलांना हे कधी कळलं नाही, आणि स्वेटर बघून आई म्हणाली, 'शोभतोय तुला.' वडिलांच्या फोनवर त्या दुपारी 'स्वेटर, अमुक रुपये' असा मेसेज वाजला असता तर मी रडून माफी मागितली असती आणि वही कधीच घातली नसती.

तुमच्या लेकीला ही वही मिळायला हवी. मग ती कागदाची असो की फोनमधली.

आणि तिच्या बंद दाराबद्दल. तुम्ही लिहिता, तिला काही कमी पडू दिलं नाही. खातं तिचं, पण चालवतात बाबा. आधार तिचं, पण बोलतं बाबांच्या फोनशी. ट्रंक तिची, पण भरताय तुम्ही, यादीही तुमच्याच अक्षरात. त्या घरात तिच्या हातात आहे काय? खोलीची एक कडी. ती लावते ती. तिच्या तुटक बोलण्याचं दुःख मला कळतं, पण त्यावर मी तुमची समजूत काढणार नाही. ती १८ वर्षांची आहे, पंधरा दिवसांनी अनोळखी शहरात एकटी झोपणार आहे, आणि 'मला जमेल' असं म्हणायला तिच्याकडे घरातला एकही पुरावा नाही. 'आई, पुरे' यापेक्षा वेगळं ती काय बोलेल?

तेव्हा पुढचा डबा भरायच्या आधी एवढं करा. तिच्या नावावर, तिच्या कागदपत्रांवर एक सिम घ्या. मग तिला आधार केंद्रावर पाठवा. पाठवा म्हणतेय, घेऊन जा म्हणत नाही. फॉर्म ती भरेल, बोटांचे ठसे ती देईल, चूक झाली तर पुन्हा रांगेत उभी राहील. नवा नंबर नोंदला जायला काही दिवस लागू शकतात, म्हणून हे आजच. नंतर बँक. तिथे बाबांनी सोबत जावं, कारण नाव कमी व्हायचंय ते त्यांचं. सही करून त्यांनी काउंटरवरून बाजूला व्हावं आणि उरलेलं तिला बोलू द्यावं. साहेबांनी बाबांकडे बघून प्रश्न विचारले, आणि ते विचारतीलच, तर बाबांनी 'तिलाच विचारा' एवढंच म्हणावं. हे वाक्य त्यांना जड जाईल. तुम्ही आदल्या रात्री बोलून ठेवा.

महिन्याची रक्कम किती लागेल ते तिला मांडू द्या. मेस आणि हॉस्टेल वेगळं, हातखर्च वेगळा. ठरली की दर १ तारखेला पाठवा आणि विसरून जा. वीस तारखेला संपले म्हणून तिचा फोन आला तर ओरडू नका आणि गुपचूप पाठवूही नका. पुढच्या महिन्यातले आगाऊ द्या, आणि १ तारखेला तेवढे कापा. मेस आहे, उपाशी राहणार नाही. फोन केलात की 'किती खर्च झाले' हा प्रश्न सोडून काहीही विचारा. खोलीतली मुलगी कुठली, पहिला सबमिशन कधी, मेसची आमटी कशी, पुष्कळ आहे विचारायला.

हे दोन दिवसांचं काम झालं की यादी दारामागून काढून तिच्या हातात द्या, पेन्सिलीसकट. ती मच्छरदाणीवर काट मारेल. मारू द्या.

एक गोष्ट राहिली, आणि ती विचारू की नको असं मला दोन दिवस वाटत होतं. 'ओटीपी ह्यांच्याच फोनवर येतो, काळजीच नाही' हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की वाटलं, या घरात हे नेहमीचंच असावं. आई, तुमच्या खात्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? तुमच्या आधारला कुणाचा नंबर आहे? तुम्ही शेवटचे पैसे कधी काढलेत, कुणाला न सांगता, मनात आलं म्हणून एखादी साडी घ्यायला किंवा माहेरच्या भाच्याच्या हातावर ठेवायला?

उत्तर मला कळवू नका. ते मला वाटतंय तेच असेल, तर लेकीसोबत आधार केंद्राच्या रांगेत तुम्हीही उभ्या राहा, आपलं आधार घेऊन. फॉर्म कसा भरायचा ते तिला विचारा. तिनं तोवर एक भरलेला असेल, ती सांगेल. आणि बँकेत शनिवारी जाणार असाल तर दुसरा आणि चौथा शनिवार टाळा, बंद असते.

तुमची,
ताई