विद्यापीठातल्या संशोधनाचा शहराला प्रत्यक्ष काही उपयोग होतो का?

होतो, आणि सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा ते शहराकडे नसलेली मोजमापं मिळवून देतं. मुंबईचंच बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. हवामान खात्याच्या मुख्य वेधशाळा या दोनच, म्हणजे मधल्या कुर्ला-सायनमध्ये कोणत्या तासाला किती कोसळला हे नेमकं सांगणार कोण? पुढच्या वर्षापासून महापालिकेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांची मदत घेऊन शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बरेचसे चक्क अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर. दर 15 मिनिटांनी नोंद येते, त्यामुळे कुठल्या भागात पाणी भरायला लागेल हे लोकांच्या फोनआधी कळू शकतं. ताशी 25 मिमी पाऊस धरून बांधलेली जुनी गटारं का अपुरी पडतात, हेही आकड्यांत दाखवता येतं; नंतरच्या कामांसाठी ताशी 50 मिमी धरले गेले.

एक अट मात्र आहे: पर्जन्यमापक नालेसफाई करत नाही. ऐन भरतीत जोराचा पाऊस आला की अंदाज बरोबर असूनही पाणी तुंबतं, कारण तेव्हा समुद्र ते आत घेत नाही. तिथे पंपच लागतात.