'काय देतायत?'

प्रिय मुली,

आशीर्वाद. तुझ्या अनुवादाची चाळीस पानं परवा रात्री वाचली, काल सकाळी इंग्रजी प्रत शेजारी ठेवून पुन्हा वाचली. ऐंशीच्या दशकातल्या रुमानियात साधी माणसं कशी दिवस काढत होती, हे तू मराठीत आणते आहेस याचा फार आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहितो.

पहिल्या प्रकरणात 'जुलमी राजवट' अकरा वेळा आलीय. ज्या आजींच्या या आठवणी, त्यांनी हा शब्द एकदाही वापरलेला नाही. त्या रांगेबद्दल लिहितात. रांग दिसली की माणूस आधी उभा राहायचा आणि मग पुढच्याला विचारायचा, 'चे से दा?' म्हणजे 'काय देतायत?' तू 'काय विकतायत?' केलंस. ते खोड. रोख पैसे मोजूनही ते 'देणं'च होतं. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या एका क्रियापदात आलं. आपणही रेशनच्या दुकानापुढे 'साखर देतायत का?' असंच विचारत आलो. लोक रात्री रांगेत पिशव्या आणि दुधाच्या रिकाम्या बाटल्या ठेवून घरी जात, तिथे तू 'जागा आरक्षित केली' लिहितेस. आपल्या आया रॉकेलसाठी डबे ठेवायच्या, त्याला 'नंबर लावणं' म्हणायच्या. तोच शब्द घे.

मात्र शब्द आपला घेतलास तरी अनुभव आपला करू नकोस. महागाईविरुद्ध १९७२-७३ मध्ये मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे पुढे होत्या, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, आणि अहिल्याताई तर कम्युनिस्ट. तिकडे, कम्युनिस्टांच्याच राज्यात, १५ नोव्हेंबर १९८७ ला ब्राशोव्ह शहरातल्या ट्रक कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले. त्यांना पकडलं, मारहाण झाली, कित्येकांना घरदार सोडून दुसऱ्या गावांत पाठवलं गेलं. टंचाई आपणही पाहिली, पण आपल्याला तिच्यावर ओरडता येत होतं. तिकडे टाइपरायटर ठेवायचा तर १९८३ पासून पोलिसांकडे नोंदवून त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे.

मग माणसं टोपणनावांतून बोलू लागली. दुकानात मांस नसायचं, डुकराचे पाय असायचे. त्यांना लोक 'अदिदाश' म्हणत, बुटांच्या त्या प्रसिद्ध कंपनीवरून. कॉफीत ओट्ससारखं धान्य मिसळलेलं असे. घोड्याचा खुराक तो, म्हणून खिंकाळण्याच्या क्रियापदावरून तिचं नाव पडलं 'नेकेझोल'. तू 'निकृष्ट दर्जाची कॉफी' लिहून मोकळी झालीस! 'खिंकाळी कॉफी' म्हण. वाचक क्षणभर थबकेल, थबकू दे.

टंचाई कशामुळे, ते प्रस्तावनेत एका परिच्छेदात सांग. परदेशी कर्ज झटपट फेडायचा रुमानियाचा सर्वेसर्वा चाउशेस्कू याचा हट्ट, त्यासाठी बाहेर धाडलेलं धान्य आणि मांस, घराघरांतली वीज आणि ऊब तोडणं. १९८९ च्या वसंतात कर्ज फिटल्याचं जाहीर झालं आणि त्याच डिसेंबरात तो गेला. एवढं पुरे.

आता एकतिसावं पान. वीज गेली की जिन्यात शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन जमत, ते दिवस आठवतात, असं आजी लिहितात. हे वाक्य तू तळटिपेत ढकललंस. का ढकललंस ते मला कळतं, कारण तुझ्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं. अशाच एका हस्तलिखितात 'तेव्हा निदान प्रत्येकाला काम होतं' हे वाक्य होतं. वाचकाचा गैरसमज होईल म्हणून मी ते गाळलं. पुस्तक छापून आलं, आणि ज्या बाईंचं ते आयुष्य होतं त्यांना त्यांच्याच आयुष्यातलं वाक्य परत देता आलं नाही. आजही टोचतं. आजींना थंडीही आठवते आणि ते जिनेही. वाक्य होतं तिथे परत ठेव.

पुढच्या प्रकरणात १९६६ चा गर्भपातबंदीचा हुकूम येतो. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका गेल्या, हे प्रस्तावनेत जरूर लिही. आजी मात्र आपल्या बहिणीबद्दल अडीच ओळी लिहितात आणि थेट स्वयंपाकघरातल्या पडद्यांकडे वळतात. त्या अडीच ओळींच्या तीन करू नकोस. ते पान आधी पाठव, मी वाट बघतोय.

तुझे
सर