आमदार एक, मदत मात्र वेगळी का?

प्रश्न : आमचे गाव लासलगावजवळ, निफाड तालुक्यात आहे, मतदान मात्र येवला विधानसभा मतदारसंघात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये येवला तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला आणि आम्ही वगळलो गेलो. आमदार एकच असताना हा भेद का?
– एक कांदा उत्पादक

उत्तर : नाशिक जिल्ह्यात तालुके १५ आणि विधानसभा मतदारसंघही १५ असल्याने दोन्हींच्या सीमा एकच असाव्यात असे वाटते, पण तसे नाही, हे आपल्याच गावावरून दिसते. शासकीय मदतीचे एकक मतदारसंघ नसून तालुका किंवा महसूल मंडळ (तालुक्यातील काही गावांचा गट) असते. ऑक्टोबरच्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर आणि येवला हे तीनच तालुके होते, कारण निवड पावसातील तूट, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा अशा निर्देशांकांवर झाली होती. पुढे नोव्हेंबरमध्ये मंडळनिहाय यादी निघाली. तिचा निकष सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, असा होता. राजकारण शिरते ते बहुधा येथे, वाढीव याद्यांच्या मागणीत.

त्याच वर्षीच्या कांदा अनुदानाला मात्र तालुक्याची सीमाच नव्हती. क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. तेथे महत्त्व होते विक्रीपट्टीला आणि सातबाऱ्यावरील पीक नोंदीला.