बेस गिटार आणि मुंबईची हवा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (गिरगाव): जून संपता संपता माझ्या चार तारांच्या बेसच्या तारा फ्रेटबोर्डपासून (बोटे जिथे दाबतो त्या पट्टीपासून) बऱ्याच वर आल्या. एक व्हिडिओ पाहून मी ट्रस रॉडला (नेकमधल्या, म्हणजे गिटारच्या मानेतल्या धातूच्या सळईला) दोन पूर्ण फेरे देऊन तो आवळला. आता पहिल्या चार-पाच फ्रेटवर (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) प्रत्येक तार खरखरते. नेक कायमची बिघडली असेल का?

उत्तर: बहुधा नाही, मात्र आता आणखी काही फिरवण्यापूर्वी ट्रस रॉडच्या टोकाचा नट तुम्ही आवळला होता तितकाच, पण थोडा थोडा करून, सैल करा. 45 ते 105 जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) चार तारा नेहमीच्या सुरांत लावल्या की त्या मिळून नेकला सुमारे 75 ते 80 किलोच्या जोराने पुढे ओढतात, आणि नेकच्या पोटातला ट्रस रॉड हा जोर उलट्या दिशेने तोलून धरतो. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा शोषून घेते. नेक आणि फ्रेटबोर्ड वेगवेगळ्या जातींच्या लाकडांचे असल्याने दोन्ही सारखे फुगत नाहीत आणि तोल ढळतो. मेपलची नेक आणि त्यावर शिसवीचा फ्रेटबोर्ड असेल, तर ती बहुतेकदा तारांच्या दिशेने वाकते. तुमचे निदान त्यामुळे बरोबर होते, मात्रा चुकली. या कामात पाव फेरा हीसुद्धा मोठी मात्रा मानली जाते.

बाक डोळ्यांनी ठरवू नये, मोजावा. गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरून जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) पाहावी. ती 0.25 ते 0.4 मिलिमीटर असली तर ट्रस रॉडला हात लावण्याचे कारण नाही. फट जास्त असेल तर नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक अष्टमांश फेरा आवळावा, पुन्हा सूर लावावेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे, कारण लाकूड रात्रभर सरकत राहते. नेक ठीक असूनही तारा उंच वाटल्या तर तो प्रश्न ब्रिजवरच्या सॅडलचा, म्हणजे बॉडीच्या टोकाला तारा टेकतात त्या सरकत्या तुकड्यांचा आहे. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली सुमारे 2.4 आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटर उंची बहुतेक हातांना मानवते.

पहिल्या पावसातच नेक सरळ करण्याची घाई अनेकजण करतात. मीही केली आहे, आणि एका जुलैत नटाच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत करून ठेवल्या आहेत. जुलैच्या मध्यापर्यंत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाऊन बऱ्यापैकी स्थिरावते. तेव्हा एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा, असे वर्षातून दोनदा मोजमाप पुरते. एरवी गिटार ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, आणि वातानुकूलित स्टुडिओतून बाहेर आल्यावर केस लगेच उघडू नये.

प्रश्न (लालबाग): आमची चाळ पाडताना जुन्या सागाच्या दोन तुळया मला मिळाल्या. त्यांतून नेकसह संपूर्ण बेस बनवण्याचा विचार आहे. सागाची बेस चांगली वाजते का?

उत्तर: वाजते, पण खांद्याला जाणवते. बॉडीचे आकारमान साडेचार लिटरच्या आसपास असते. सागाचे वजन लिटरला सुमारे 650 ग्रॅम धरले, तर नुसती बॉडी 2.9 किलोच्या घरात जाते. मिरजेला सतारीसाठी वापरतात त्या तून लाकडाची हीच बॉडी दोन किलोंच्या थोडी वर भरेल. संध्याकाळच्या लोकलमध्ये हा पाऊण किलो चांगलाच लक्षात येतो. मात्र फार हलक्या बॉडीची बेस पट्ट्यावर अडकवली की डोक्याच्या बाजूने खाली कलते, हा दोष सागात येत नाही. पिकअपसाठी (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागासाठी) खाचा कोरताना आतल्या बाजूने आणखी दोन-तीन पोकळ्या कोरून वरून पातळ फळी चिकटवली, तर वजन आटोक्यात राहील.

जुन्या तुळईचा खरा फायदा असा की तिने जे काही वाकायचे-पिळायचे ते बहुतेक आधीच करून घेतलेले असते. तरीही कापून आणल्यावर फळ्या ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत, मधे पट्ट्या देऊन, किमान महिनाभर ठेवाव्यात. मुंबईत लाकडातला ओलावा 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. वखारीत करवतीखाली देण्यापूर्वी तुळईवरून चांगला लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढावा, नाहीतर पाते मोडेल आणि वखारवाला पुन्हा तुमचे लाकूड घेणार नाही. साग तेलकट असल्याने गोंद लावायच्या अगदी आधी, रंधलेल्या ताज्या पृष्ठभागावरून ॲसिटोनचा बोळा फिरवावा. त्याच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून घासताना मास्क लावावा.

नेक मात्र पहिल्या खेपेला बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 864 मिलिमीटर म्हणजे 34 इंच स्केलच्या (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीच्या) नेकवर पहिला फ्रेट नटपासून (इथे नट म्हणजे डोक्याकडची, तारा टेकणारी पट्टी) 48.5 मिलिमीटरवर येतो. हे अंतर काढण्यासाठी स्केलला 17.817 ने भागावे, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेटसाठी उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने. एखादी खाच चुकीच्या जागी गेली तर तो सूर कायमचा बेसूर होतो. तयार नेक विकत घ्यावी आणि सगळे लक्ष ब्रिजच्या जागेवर द्यावे: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजावे, तेच अंतर बाराव्या फ्रेटपासून बारीक तारेच्या सॅडलपर्यंत ठेवावे, आणि ब्रिजचे स्क्रू मारताना ते सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणलेले असावे. जाड तारांची सॅडले नंतर मागेच घ्यावी लागतात. घरी बनवलेल्या बेसमध्ये मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण ती सगळे पॉलिश झाल्यावर कळते.

प्रश्न (परळ): माझ्या बेसमध्ये सतत घुं असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो. शिवाय गाताना ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात. कोणता पिकअप बदलावा?

उत्तर: पिकअप राहू द्या. आधी त्या खोलीत वाजवणे थांबवा. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. ओठांना झिणझिण्या येतात याचा अर्थ ॲम्प आणि माइकचे उपकरण यांच्यापैकी एकाचे अर्थिंग नाही. जुन्या चाळींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. घुं जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कापणारे वादक मी पाहिले आहेत. त्यांची घुं काही वेळा खरोखरच जाते, आणि संरक्षणही जाते.

आता आवाजाविषयी. तारांना हात लावल्यावर तो कमी होतो, म्हणजे ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे आणि कमतरता आतल्या आवरणाची आहे. आपल्या विजेची कंपनसंख्या 50 हर्ट्झ आहे आणि जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर 49 हर्ट्झचा, म्हणून ही घुं बेसच्या भर सुरांत मिसळते आणि किंचित चढी लागते. एकेरी कॉइलचे दोन पिकअप असतील, म्हणजे 1960 सालच्या फेंडर जाझ बेसच्या धर्तीची गिटार असेल, तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून पाहा; कॉइल उलटसुलट गुंडाळलेले असतील तर घुं जवळपास नाहीशी होईल. फेंडरच्याच प्रिसिजन बेसला 1957 पासून दुभंगलेला पिकअप आला, त्यात ही सोय मुळातच आहे. तरीही आवाज उरला तर लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची चिकटपट्टी आणून पिकअप व पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या भागांच्या) खाचा आतून मढवाव्यात, तुकड्यांच्या सांध्यांवर सोल्डरचा डाग द्यावा आणि ते सारे अर्थला जोडावे. मल्टिमीटरने कुठल्याही दोन तुकड्यांमधला रोध एक ओहमपेक्षा कमी दिसला पाहिजे.

प्रश्न (वर्सोवा): तारा दोन महिन्यांत गंजतात आणि सॅडलचे स्क्रू अडकले आहेत. तारा उकळून पुन्हा वापराव्यात का?

उत्तर: उकळल्याने वळ्यांतला मळ आणि घाम निघतो, गंज निघत नाही, आवाजाची धार काही दिवस परतते, एवढेच. उकळल्याच तर पूर्ण वाळवल्याशिवाय चढवू नयेत. त्यापेक्षा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा खालच्या बाजूनेही पुसाव्यात. समुद्राकाठच्या घरात आवरण असलेल्या तारांवर जास्त पैसे घालणे मला योग्य वाटते.

अडकलेल्या स्क्रूंवर जोर लावू नका. ब्रिज काढून घ्यावा, प्रत्येक स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवावा. तेल लाकडावर सांडू देऊ नये. शिवाय एलन की (षटकोनी टोकाची चावी) नेमकी कोणती लागते ते पाहावे. इंची मापाच्या काही ब्रिजना 1/16 इंचाची, म्हणजे 1.59 मिलिमीटरची की लागते, तिथे 1.5 ची की बसते, पण सैल, आणि दोन-तीन वेळा फिरवल्यावर स्क्रूचे आतले कोपरे घासले जातात. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मापांचे संच मिळतात. कोपरे आधीच गेले असतील, तर सुटे स्क्रू आणून बदलणे हाच उपाय आहे. नेताना नमुन्यासाठी एक जुना स्क्रू खिशात ठेवावा, कारण आट्यांचे माप तोंडी सांगून जुळत नाही.