गोपनीयतेचा करार आणि कामाचे नमुने

प्रश्न : हिंगणघाटजवळच्या गावातून मी एका बियाणे कंपनीत नोकरीला जात असे, तीन वर्षे पाकिटांची व माहितीपत्रकांची मांडणी केली. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे. आता नागपूरच्या मुलाखतीत कोणते नमुने दाखवावेत?

उत्तर : ताई, जे पाकीट कृषी सेवा केंद्राच्या फळीवर विक्रीला आले ते गुपित राहिलेले नाही, तरीही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी कंपनीकडे जाते, म्हणून तेही दाखवण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी. बाजारात न आलेला वाण, चाचण्यांचे आकडे, ठरायच्या किमती मात्र मोबाइलवरही दाखवू नयेत. नाव खोडून भागत नाही, कारण जाणता दुकानदार रंगावरूनच कंपनी ओळखतो. शिवाय आज जुन्या कंपनीचे गुपित उघडे करणारी व्यक्ती उद्या आपलेही उघडे करील, अशी शंका मुलाखत घेणाऱ्यालाच येते.

त्यापेक्षा स्वतःच्या संगणकावर नवा नमुना करा, असा माझा आग्रह आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) कसे लावावेत, याचे एकपानी पत्रक करा; छायाचित्रे आपल्याच शिवारातली घ्या, आणि बांधावर उभ्या माणसाला चष्म्याविना वाचता येईल एवढे अक्षर ठेवा.