पवनचक्की इतकी हळू फिरते, मग तिच्यातून वीज कशी तयार होते?

तुमचा प्रश्न असा, की जुलैमध्ये ठोसेघरचा धबधबा बघून तुम्ही पुढं चाळकेवाडीच्या पठारावर गेलात. वाऱ्यानं छत्री उलटी झाली, पण पवनचक्क्या निवांत फिरत होत्या आणि काही तर चक्क उभ्या होत्या. एवढ्या संथ फिरण्यातून वीज कशी होते, आणि वारं असूनही काही बंद का? आयटीआय झाल्यावर मी त्याच पठारावर नऊ वर्षं देखभालीचं काम केलंय, म्हणून उत्तर देतो.

आधी ते ‘हळू’ बघू. समजा पातं 30 मीटर लांब आहे आणि चक्की मिनिटाला 20 फेरे घेते. म्हणजे तीन सेकंदांत एक फेरा, बघताना झोप येईल असा. पण त्या एका फेऱ्यात पात्याचं टोक जवळजवळ 190 मीटर धावतं. हिशेब केला तर टोकाचा वेग ताशी 225 किलोमीटरच्या पुढं जातो. पुणे-बेंगळुरू हायवेवर एवढ्या वेगानं कोणी जात नाही, जाऊही नये. धुक्यात चक्की दिसत नाही तेव्हा नुसता सूंऽऽ सूंऽऽ आवाज येतो, तो या टोकांचा.

दुसरी गोष्ट, पातं भिंगरीसारखं नुसतं वाऱ्याच्या धक्क्यानं फिरत नाही. त्याचा आडवा छेद पक्ष्याच्या पंखासारखा असतो. एका बाजूनं हवा जास्त वेगानं सरकते, तिथला दाब कमी होतो आणि पातं त्या बाजूला ओढलं जातं. म्हणूनच टोक वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेगानं पळू शकतं.

आता वीज. जुन्या सायकलचा डायनामो आठवतोय? चाकाला टेकवला की दिवा लागायचा. तत्त्व तेच, फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलेलं: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलतं ठेवलं की तारेत वीज वाहते. अडचण एकच, जनरेटरला वेग लागतो. आमच्याकडच्या जुन्या मशीनचा जनरेटर मिनिटाला 1500 च्या थोडं वर फिरायचा आणि पाती 20 च्या आसपास. मधली तफावत गिअरबॉक्स भरून काढतो, म्हणजे पात्यांचा एक फेरा झाला की आत पंचाहत्तरेक फेरे होतात. खालून तुम्हाला संथपणा दिसतो, वर टॉवरच्या टोकावर गिअरबॉक्स आणि जनरेटर ठेवलेल्या डब्यात कानाला दडे बसतात. तिथून वीज साधारण 690 व्होल्टनं केबलमधून खाली येते, पायथ्याचा ट्रान्सफॉर्मर ती 33 हजार व्होल्टवर चढवतो आणि ती लाइननं सबस्टेशनला जाते. काही नव्या मशीनमध्ये गिअरबॉक्स नसतोच, तिथं मोठ्या घेराचा जनरेटर पात्यांच्याच वेगानं फिरतो.

खरी गंमत वाऱ्याच्या हिशेबात आहे. 30 मीटरच्या पात्यांच्या घेराचं क्षेत्रफळ 2800 चौरस मीटरच्या वर. वारा सेकंदाला 8 मीटरनं वाहत असेल तर दर सेकंदाला त्या घेरातून सुमारे 25 टन हवा जाते. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या गव्हाणीकडं निघालेल्या ट्रॅक्टरमागं जेवढा ऊस असतो, साधारण तेवढं वजन, दर सेकंदाला! त्या हवेत सुमारे 800 किलोवॅट ताकद असते. पण सगळी काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा चक्कीच्या मागं जागेवरच थांबेल आणि नवी हवा यायची कुठून? बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ही मर्यादा 59.3 टक्के काढली. प्रत्यक्षात 40 टक्क्यांच्या आसपास हाती लागतं, म्हणजे 320 किलोवॅट. तासभर असा वारा राहिला तर 320 युनिट.

वारा निम्मा, म्हणजे 4 मीटर झाला तर किती? 160 नाही, 40. वारा निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा होते. हे एक समजलं की साताऱ्यातल्या पठारांवर पवनचक्क्या का, हेही समजतं. जूनपासून मोसमी वारा अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीच्या कड्याला धडकतो, वर चढतो आणि माथ्यावरून जाताना दाटीवाटीमुळं आणखी जोर धरतो. माथा सपाट आणि उघडा, अडवायला झाडी नाही. चाळकेवाडी असो की पाटणकडचं वनकुसवडे, उंची हजार मीटरच्या वर. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा दहाएक टक्के विरळ, तेवढा तोटा होतो, पण वाढलेला वारा तो कधीच भरून काढतो. वर्षाच्या उत्पादनातला मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. तोच वारा कोयनेच्या पाणलोटात पाऊस पाडतो. ते पाणी धरणात साठवून उन्हाळ्यात वापरता येतं, पठारावरची वीज मात्र झाली तशी लाइनवर जाते.

मग उभ्या चक्क्या का? वारा सेकंदाला 25 मीटरच्या, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या वर गेला की मशीन स्वतःला बंद करून घेतं, हे तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल. पण तुम्ही गेलात त्या दिवशी कारण बहुधा वेगळं असावं. एक कारण सांगितलं तर लोक हसतात. वाऱ्याची दिशा बदलली की वरचा डबा त्याच्याकडं तोंड वळवतो आणि त्याबरोबर टॉवरमधल्या केबलला पीळ बसत जातो. एकाच बाजूला काही वळणं झाली की मशीन थांबतं, उलटं फिरून पीळ सोडवतं आणि मगच पुन्हा कामाला लागतं. दुसरं कारण लाइनचं. जुन्या पद्धतीच्या जनरेटरला स्वतःचं चुंबकत्व उभं करायला लाइनमधूनच करंट लागतो. लाइन गेली की चक्कीनं थांबायचंच. भारनियमनाच्या वर्षांत पठारावरचे लोक आम्हाला टोमणे मारायचे, ‘डोक्यावर पंखा आणि घरात अंधार.’ त्यांचं चुकत नव्हतं.

आणि मग बिघाड. एका श्रावणात आमची एक चक्की दोन दिवस हलेना. बाहेर वारा असा की टॉवरचं दार उघडायला दोघं लागले. सेफ्टी बेल्ट बांधून शिडीनं वर गेलो तर डब्याच्या पाठीवरचं वारा मोजायचं यंत्र, वाट्यांची छोटी फिरकी, अडकून बसलेलं. मशीनच्या मते वाराच नव्हता! ते हातासरशी झालं. गिअरबॉक्स गेला असता तर पावसाळ्यात चिखलातून क्रेन वर चढत नाही, चक्की सीझनभर उभी राहिली असती.

माझी आत्या सांगलीकडं ढालगाव भागात असते. तिकडच्या डोंगरांवरही पवनचक्क्या आहेत आणि त्या ढग पळवतात असं तिचं ठाम मत आहे. मी तिला म्हणतो, घरचा पंखा वीज खाऊन वारा देतो, ही उलटी गोष्ट आहे, ही वाऱ्याचा जोर काढून घेते. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले, त्यांना ही काठी काय हलवणार? आणि 1972 च्या दुष्काळात तिथं कुठली पवनचक्की होती? त्यावर ती चहा टाकायला उठते. पठारावर खरा फरक पडलाय तो वेगळाच: चाळकेवाडीवर अभ्यास करून संशोधकांनी 2018 मध्ये मांडलं, की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी खूप कमी झालेत आणि त्यामुळं गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढलेत.

पुन्हा आलात तर उभ्या चक्कीची पाती नीट बघा. पात्यांची धार वाऱ्याकडं असेल तर ती बहुधा मुद्दाम थांबवलेली आहे. आणि शेजारच्या सगळ्यांचं तोंड एकीकडं आणि हिचंच भलतीकडं असेल, आणि ती पीळ सोडवत नसेल, तर बहुधा वर कोणालातरी चढावं लागणार आहे.