डेस्कटॉपवर चालणारा गेम कोडीतून का पडतो

भुसावळच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमधल्या टीव्हीला पीसी जोडलाय, कोडीत (टीव्हीवर सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) लाँचरचं ॲड-ऑन, म्हणजे दुसरे प्रोग्राम उघडणारी जोडणी, टाकून गेम लावलेत. डेस्कटॉपवर डबल क्लिक केलं की गेम मस्त चालतो, कोडीतून उघडला की स्क्रीन काळी होऊन परत मेनू. "आते काय करू?"

भाऊ, आधी कोडी काढून पुन्हा टाकायचं डोक्यातून काढा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट'च्या खाली 'स्टार्ट इन' नावाचा रकाना आहे. बरेच गेम आपल्या फाइली त्याच फोल्डरमध्ये शोधतात. ॲड-ऑनला नुसती एक्सई (गेमची मुख्य फाइल) दाखवली की हा रकाना मागेच राहतो, मग गेमला फाइली सापडत नाहीत आणि तो गपचूप बंद होतो.

खात्री करून घ्या. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा, एक्सईचा पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत टाकून एंटर मारा. तिथेही गेम पडला तर कोडीचा काही दोष नाही.

उपाय म्हणजे दोन ओळींची बॅट फाइल (आज्ञा ओळीने लिहिलेली साधी फाइल). पहिल्या ओळीत 'सीडी', मग '/डी', मग गेमचं फोल्डर. '/डी' विसरलात तर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उडी बसत नाही. दुसऱ्या ओळीत 'स्टार्ट', रिकामी अवतरण चिन्हं, '/वेट' (गेम संपेपर्यंत थांब) आणि शेवटी एक्सई. ती रिकामी चिन्हं फालतू वाटतात, पण 'स्टार्ट' पहिल्या अवतरणातला मजकूर खिडकीचं शीर्षक समजतो. ती गाळली आणि एक्सईचं नाव अवतरणात दिलं, तर गेमऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. ॲड-ऑनला आता ही बॅट फाइल दाखवा.

स्टीमच्या (गेम विकणाऱ्या ॲपच्या) गेमचं दुखणं वेगळं. त्याचा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे खरं तर एक लिंक, एक्सई नव्हेच. शिवाय स्टीम आधीच चालू असेल तर निरोप पोचवून ती आज्ञा लगेच संपते, '/वेट'ला वाटतं गेम झाला, आणि कोडी पुन्हा पुढे येऊन बसतो. तिथे 'स्टीम डॉट एक्सई'ला '-ॲपलाँच' आणि गेमचा क्रमांक द्या (लिंकच्या शेवटी असतो तोच), आणि बॅट फाइलमध्ये 'टास्कलिस्ट'ने (चालू प्रोग्रामांची यादी देणारी आज्ञा) गेमची एक्सई दिसतेय का ते पाहत राहा. गेम सुरू व्हायला अर्धा मिनिट द्या, नाहीतर पहिल्याच तपासणीत "गेम संपला" असं ठरेल.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची टिक असेल तर काढून बघा. परवानगीची खिडकी बऱ्याच रिमोटने दाबता येत नाही.

गेम उघडला पण आवाज नाही, असं झालं तर कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये वासापीऐवजी डायरेक्टसाउंड निवडा (दोन्ही विंडोजच्या आवाज पोचवायच्या पद्धती). वासापीत कोडी आवाजाचं उपकरण एकट्याच्या ताब्यात घेतो. पासथ्रूसाठी (आवाज न उलगडता थेट होम थिएटरच्या रिसीव्हरला देणं) मात्र वासापीच बरं, त्यामुळे रिसीव्हर असेल तर विचार करून बदला.

आणि पीसी शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवला असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात अर्ध्या तासाने गेम अडखळणारच, त्याला शॉर्टकट काय करणार!

यातही जमलं नाही तर बॅट फाइलचा मजकूर आणि प्रॉपर्टीजचा फोटो टाका, गेम स्टीमचा आहे का तेही लिहा.